ऐब सांगून विकलेली गिटार

जुनी इलेक्ट्रिक गिटार पाहिली की आपल्यासारखा माणूस विचारतो, 'हिची किंमत किती?' या धंद्यातला माणूस विचारतो, 'हिच्यात काय काय बदललंय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला दुसऱ्यातूनच मिळतं. कारखान्यातून निघाली तशीच ती आजवर राहिली असेल तर भाव वेगळा, मध्ये कुणी तिच्यात हात घातला असेल तर वेगळा. बाजारात यासाठी एकच शब्द आहे, ओरिजिनल.

मी स्वतः गिटार वाजवत नाही. हे सगळं शिकावं लागलं ते मामूच्या गिटारमुळे. मामू जहाजावर नोकरीला होते. १९७४ साली त्यांनी लिव्हरपूलच्या एका दुकानातून जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावी आणली. जहाजावरच्या एका गोवेकर स्वयंपाक्याने त्यांना ती वाजवायला शिकवली होती. मामू गेल्यावर ती लोखंडी कपाटात पडून होती. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मुमानीच्या घराची कौलं उडाली, वासे मोडले. ताडपत्री टाकून एक पावसाळा निघाला. दुसरा निघणार नव्हता. गिटार विकायची असं मुमानीनेच ठरवलं आणि किंमत काढायचं काम माझ्यावर आलं.

स्ट्रॅटोकास्टर हे मॉडेल १९५४ साली बाजारात आलं. अशा गिटारचं वय बाहेरून कळत नाही, ती उघडावी लागते. मागच्या चार स्क्रूंवर एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर नंबर असतो. बहुतेक लोक तो नंबर पाहूनच साल ठरवतात. पण कारखान्यात या पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा उचलून बसवल्या जात, त्यामुळे नंबरांचा क्रम सालाशी नीट जुळत नाही. शिवाय चार स्क्रू काढले की पाच मिनिटांत पट्टी बदलता येते.

त्याहून भरवशाची खूण गिटारच्या मानेच्या टोकाला, जो भाग बॉडीत बसतो तिथे असते. १९६२च्या सुरुवातीपर्यंत तिथे पेन्सिलीने तारीख लिहीत, नंतर रबरी शिक्का आला. मामूच्या गिटारवर शिक्का आहे तो असा: दोन, मार्च, सहासष्ट, बी. मी तो '२ मार्च १९६६' असाच वाचणार होतो, तेवढ्यात कळलं की सुरुवातीचा आकडा दिवसाचा नसतो. दोन म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, आणि बी म्हणजे मानेची रुंदी. तारीख फक्त मार्च ६६ एवढीच.

तिसरी खूण आवाज कमी-जास्त करायच्या पॉटवर असते. आमच्या पॉटवर १३७६६१२ हा आकडा आहे. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६६चा बारावा आठवडा. पॉट बनण्याआधी गिटार जोडली जाणं शक्य नाही, तेव्हा ही गिटार मार्चअखेरच्या आधीची नाही, हे पक्कं. पण एकट्या पॉटवर विसंबूनही चालत नाही. फेंडरने १९६६ साली पॉटचा इतका मोठा साठा घेऊन ठेवला की पुढची दोन-तीन वर्षं बनलेल्या गिटारींतही सहासष्टचेच पॉट सापडतात. म्हणून मान, पॉट, पिकअप, पट्टी असे चार-पाच साक्षीदार वेगवेगळे तपासायचे आणि सगळे एकच गोष्ट सांगतात का ते पाहायचं. सोल्डरचे ठिपकेही पाहायचे. एकदा वितळवून पुन्हा लावलेला सांधा जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो रंगाने. त्या काळी गिटारला लॅकर मारत. ते वर्षानुवर्षं आकसतं, पिवळं पडतं, त्याला केसांएवढ्या बारीक चिरा जातात. नोटा तपासायला वापरतात तसला अल्ट्राव्हायोलेट दिवा अंधारात धरला की जुनं लॅकर सगळीकडे सारखं चमकतं. नंतर कुठे हात मारला असेल तर तेवढा भाग वेगळा दिसतो. संपूर्ण गिटार नव्याने रंगवलेली निघाली, तर बाकी सगळं जागच्या जागी असूनही किंमत साधारण निम्म्यावर येते.

मला यात एक गंमत दिसली. ही गिटार ज्याने काढली तो लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण बिघडलेली वस्तू टेबलावर आली की काय त्रास होतो ते त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मान बॉडीला चिकटवली नाही, स्क्रूने बसवली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. म्हणजे जी वस्तू भाग बदलता यावेत म्हणूनच तशी बनवली, तिचे भाग बदलले म्हणून आज बाजार तिची किंमत कापतो.

आणि हाच बाजार आपला नियम मोडतोसुद्धा. एरिक क्लॅप्टनने १९७० साली अमेरिकेत नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तीन गिटारींचे चांगले चांगले भाग जोडून एक बनवली. तिचं नाव ब्लॅकी. पुस्तकी नियमाने ही तीन तुकड्यांची जुळवाजुळव. २००४ साली ख्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान तर कितीदा बदलली होती. पिकअप बदलले, स्विच वाढवले. जून २०१९मध्ये तिला ३९,७५,००० डॉलर आले. तिथे कुणी म्हणालं नाही की ओरिजिनल नाही, निम्मे द्या. कारण बदल कुणी केले ते जगाला माहीत होतं. मोठ्या माणसाने हात लावला तर इतिहास होतो, साध्या माणसाने लावला तर खराबी.

मामू साधा माणूस. त्यांच्या गिटारच्या खुंट्या बदललेल्या आहेत, खाऱ्या हवेने जुन्या गंजल्या होत्या. फ्रेट झिजले म्हणून मुंबईत नवे बसवून घेतले. एक स्विच बदललाय. पिकअप आणि पॉट मूळचेच. आणि रंग? मूळचा पिवळा-तांबूस सनबर्स्ट होता. दमट हवेने त्याचे पापुद्रे निघू लागले, लाकूड उघडं पडलं. तेव्हा मामूंनी १९८१ साली होडीला लावून उरलेला निळा ऑइल पेंट घेतला आणि ब्रशने फासला. ब्रशचे केस अजून त्या रंगात अडकलेले आहेत. गावातल्या लग्नांत ती निळी गिटार पाहिलेली माणसं आजही भेटतात. 'तुझ्या मामूची निळी' एवढं म्हटलं तरी त्यांना पुरतं.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याला मी ती दाखवली. माणूस जाणकार होता. दहा मिनिटांत त्याने शिक्का, पॉट, पिकअप सगळं पाहिलं आणि आहे तशी साडेचार लाख सांगितली. मग म्हणाला, "थोडं थांबायची तयारी असेल तर दुप्पट येतील. हा निळा रंग काढू. माझ्याकडे एक कारागीर आहे, जुन्यासारखा सनबर्स्ट करतो. लॅकरला थंडी देऊन बारीक चिरासुद्धा पाडतो. खुंट्या त्या काळच्या मिळतील. नीट केलं की कुणी विचारत नाही." या धंद्यात हे होतच असावं, इतक्या सहज तो बोलला.

मी गावी येऊन मुमानीला दोन्ही आकडे सांगितले. छपराचा अंदाज सहा लाखांचा होता, म्हणजे पहिल्या आकड्यात भागत नव्हतं आणि दुसऱ्यात भागून पैसे उरत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घेणाऱ्याला सांगणार का, रंग नवा आहे म्हणून?"

"सांगितलं तर दुप्पट कोण देईल?" मी म्हटलं.

"मग नको. माझे अब्बा सुकी मासळी विकायचे. टोपलीतली तळाची वर काढून दाखवायचे, मग भाव बोलायचे. ऐब झाकून विकायचं नाही. आहे तशी विक, सगळं सांगून विक." थोडं थांबून म्हणाली, "आणि त्यांनी लावलेला रंग म्हणजे ऐब, हेसुद्धा मला काही पटलं नाही."

छपराचं काय, हे मी विचारलं नाही. तिने ते हिशेबात धरलेलं होतं. पुढची खोली कौलारू, मागच्या दोन खोल्यांवर पत्रा, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

मग मी एक कागद केला. मूळचे भाग कोणते, बदललेले कोणते, कधी आणि का. प्रत्येक शिक्क्याचा फोटो, पट्टीचा नंबर आणि एका लग्नात निळी गिटार घेऊन उभ्या असलेल्या मामूंचा एक फोटो. पुण्याच्या एका वाजवणाऱ्या मुलाने तो कागद दोनदा वाचला. गिटार तासभर वाजवून पाहिली आणि पाच लाखांना घेतली. ओरिजिनल असती तर ती त्याच्या आवाक्यात नव्हती, असं तो हसत म्हणाला. संग्राहक ती काचेत ठेवतो, वाजवणाऱ्याला मात्र अशीच हात लागलेली परवडते.

ओरिजिनल या शब्दाबद्दल माझं मत आता जरा बदललंय. भाग बदलल्याने वस्तू खोटी होत नाही. बदल लपवले की होते. व्यापाऱ्याच्या हातून गेली असती तर ती दिसायला ओरिजिनलच्या जवळ आली असती आणि तिच्याबद्दल सांगितलेलं निम्मं खोटं असतं. आमच्या कागदावर रंगापुढे मी एवढंच लिहिलंय: निळा, होडीचा, ब्रशने, १९८१, मालकाच्या हातचा. त्या मुलाने तो कागद घडी घालून गिटारच्या पेटीत ठेवला. उद्या त्यालाही ती विकावी लागली, तर त्यात आपल्या हातचे बदल लिहून तो पुढच्याला देईल, अशी आशा आहे.