सोळावा अध्याय

दिवाळीत आमच्या दाराला आकाशकंदील नसतो, पण फराळाची ताटे मात्र न चुकता येतात. नाताळात आमच्याकडच्या करंज्या शेजारी जातात, दिवाळीत शेजारचा चिवडा-लाडू आमच्याकडे येतो. तिसगावातल्या आमच्या गल्लीची ही रीत. मागच्या दिवाळीत असेच ताट पुढे होते. आई चकली मोडून चहात बुडवीत होती आणि मी मात्र पोटात गोळा घेऊन बसलो होतो. माझ्या वहीत एक धडा होता; तो आईला सांगावा की सांगू नये, हे काही केल्या ठरत नव्हते.

चाळिशी उलटल्यावर मी बायबलचा अभ्यासक्रम घेतला. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी मी चढलो नाही. दिवसा शाळेत पोरे शिकवावीत, रात्री कादंबरीची पाने खरडावीत, एवढाच माझा व्याप. पवित्र शास्त्र लहानपणापासून कानावर होते; पण ऐकणे निराळे आणि शिकणे निराळे. संसारी माणसाला घरदार सोडून सेमिनरीत राहता येत नाही, म्हणून सेमिनरीनेच त्याच्या गावी जावे, अशी एक पद्धत १९६३ साली ग्वाटेमालात सुरू झाली. आपल्याकडे १९७१ पासून बंगळूरच्या ‘टॅफ्टी’ या संस्थेने तीच वाट धरली. घरी धडे सोडवायचे आणि ठरल्या दिवशी चारचौघांनी मार्गदर्शकापुढे चर्चेला बसायचे. मीही अशाच एका वर्गाला जाऊ लागलो.

वर्ग नगरला. आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेची सवय जुनी. एस.टी. करंजीचा घाट ओलांडी, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसू लागे, तोवर मी वही चाळीत असे. याच शहरात अमेरिकन मिशनच्या रेव्हरंड ह्यूम यांनी १८७८ साली धर्मशिक्षणाची शाळा काढली. पुढे नारायण वामन टिळक तेथे शिकवीत. माझ्या वडिलांनाही असे शिकायची फार हौस होती. कोरडवाहू जमीन आणि धाकटी भावंडे यांनी त्यांना जाऊ दिले नाही.

वडील जाऊन एकवीस वर्षे झाली. मूत्रपिंडाचे दुखणे होते. सात महिने आई रोज रात्री त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात शेवटाकडे एक आश्वासन आहे : विश्वास धरणाऱ्यांनी आजाऱ्यावर हात ठेवले तर त्याला गुण येईल. आईचे शिक्षण अक्षरओळखीपुरते, पण ते वचन तिला तोंडपाठ. वडील गेले. आईने देवाला बोल लावला नाही. लावला तो स्वतःला. “माझाच इस्वास कमी पडला,” असे ती एकदाच म्हणाली. त्यानंतर तिने कुणाच्या कपाळावर हात ठेवला नाही. नातू तापाने फणफणला तरी ती लांब उंबऱ्याशी बसून राही.

आणि माझा धडा नेमका त्याच अध्यायावर होता! चौथ्या शतकातली दोन थोर हस्तलिखिते आहेत. एक सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात सापडले, दुसरे रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दोन्हींत मार्काचे शुभवर्तमान आठव्या वचनावरच थांबते. रिकामी कबर पाहून बाया थरथरत पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. बस्स! पुढची बारा वचने तेथे नाहीत. ती फार जुनी आहेत, दुसऱ्या शतकातही ठाऊक होती, मंडळीने ती शास्त्रात जपली. पण ती मार्काच्या हातची नसावीत, असे बहुतेक पंडितांचे मत आहे. तो पुढे लिहिणारा माणूस मला कादंबरीकार म्हणून ओळखीचा वाटला. मूळ ग्रीकमध्ये आठव्या वचनाचा शेवटचा शब्द ‘कारण’ अशा अर्थाचा आहे. अशा ठिकाणी पुस्तक मिटायला कुणाचे मन घेईल? माझेही वाचक विचारतातच, “मास्तर, पुढं काय झालं?”

पण आईचे वचन त्या बारांतलेच होते, अठरावे. सांगावे तर तिच्या शास्त्राला हात लावल्यासारखे. न सांगावे तर एकवीस वर्षांचा बोल तसाच राहणार. मला धीर दिला तो पंडिता रमाबाईंनी. केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली देह ठेवीपर्यंत तेच काम चालले होते. ते कुणासाठी? आमच्या आईसारख्या, थोडे शिकलेल्या बायकांसाठी. मूळ काय आहे ते अशा बाईला कळू नये, असे ठरवणारा मी कोण?

मी सांगितले. आईने चकली ताटात ठेवली.

“कुणी खोडलं?”

“खोडलं नाही, आई. पुस्तकात अजून आहे. जुन्या प्रतींत नाही, एवढंच.”

“एवढी साळा शिकून माझ्या शास्त्राच्या ओळी मोजतोस व्हय?” ती उठून आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी वहीला हात लावला नाही. भाऊबिजेच्या संध्याकाळी मी ओसरीवर बसलो असता ती येऊन शेजारी टेकली.

“त्या बाया भ्याल्या, तिथंच संपतंय?”

“जुन्या प्रतींत तिथंच.”

“भ्याल्या म्हणून कुणी त्यांना बोल लावला का? नीट बघून सांग.”

मी पुस्तक आणले. दिव्याखाली धरून पहिल्या वचनापासून आठव्यापर्यंत पुन्हा वाचले.

“नाही, आई. बोल नाही लावला.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. आत धाकट्याला दुपारपासून कणकण होती. आई उठली, आत गेली. मी दारातून पाहिले : ती त्याच्या उशाशी बसली होती आणि तिचा सुरकुतलेला हात त्याच्या कपाळावर होता. ओठ हलत होते. थोड्या वेळाने तिने मान वर केली.

“ताप चढतोय. गाडी काढ, डाक्टरकडं ने त्याला.”

मी किल्ली शोधू लागलो. तिने हात काढला नव्हता.