आधी गोळ्या एकत्र येऊ द्या

माझ्या अब्बांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या रायफली नीट करण्यात गेलं. 1966 मध्ये ते फौजेत भरती झाले आणि ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं आणि हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मोरर झाले. महाडकडच्या आमच्या गावातून जहाजावर आणि आखातात जाणारे पुष्कळ होते. हत्यारांचे डॉक्टर मात्र अब्बा एकटेच. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मुक्काम नेरूळला, आमच्याकडे.

अब्बांची आवडती रायफल .303, ली-एनफिल्ड. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत होती. 1962 च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात हीच होती. त्यानंतर फौजेला नवी स्वयंभरित रायफल मिळत गेली आणि .303 पोलिसांकडे आणि एनसीसीकडे राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकात पोलिसांकडे .303 होत्या आणि समोर एके-47. त्यानंतर या रायफलीची खूप चेष्टा झाली. अब्बा तेव्हा एवढंच म्हणाले, "प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागतो, म्हणून ती हळू आहे. पण खोटी नाही."

परदेशात अशा जुन्या लष्करी रायफली विकत घेऊन त्यांचा नेम सुधारण्याचा छंद लोक घरी करतात. आपल्याकडे .303 ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे सामान्य माणसाला ती बाळगता येत नाही. तरी तिची एक धाकटी बहीण आपल्या मुलामुलींच्या हाती येते. .303 च्याच सांगाड्यात .22 ची बारीक नळी बसवून सरावाच्या रायफली बनवल्या गेल्या. त्यांच्या मॅगझिनमध्ये काडतुसं भरत नाहीत. एकेक गोळी हातानं घालायची, आणि रिकामी टोपणं त्या पोकळ मॅगझिनमध्ये पडतात. अशीच एक रायफल माझ्या धाकटीच्या वाट्याला आली.

ती कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि एनसीसीत आहे. एका रविवारी फायरिंगहून घरी आली ती तोंड पाडूनच. पाच गोळ्यांपैकी चार निशाण्याच्या डावीकडे गेल्या होत्या, एक तर खूपच वर. म्हणाली, "नाना, रायफलच भंगार आहे. माझ्या वयाच्या तिप्पट तिचं वय! मी टीममधून नाव काढून घेते."

नेमका त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. त्यांनी धाकटीचा रायफलीसोबतचा फोटो पाहिला होता. "काळ बरा नाही गं," त्या म्हणाल्या. "आपल्या मुलीच्या हातात बंदूक, त्यात फोटो. उद्या कुणी काही अर्थ काढला तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या कितीतरी घरांत तो विचारला जातो, कधी मोठ्यानं, कधी मनातल्या मनात. मी गप्प राहिले. अब्बांनी फोन मागून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, ती रायफल सरकारची आहे. नंबर लिहून निघते, नंबर लिहून जमा होते. रिकामं काडतूससुद्धा मोजून परत घेतात. ज्या कामाचा इतका चोख हिशोब आहे, त्याची भीती कसली?"

मग त्यांनी नातीला समोर बसवलं. "भंगार म्हणण्याआधी चार गोष्टी तपासायच्या," म्हणाले.

पहिली गोष्ट नळीची सफाई. जुन्या .303 च्या काडतुसांच्या टोपीत असा क्षार असायचा की तो हवेतली ओल ओढून घ्यायचा आणि नळीला आतून गंज चढायचा. म्हणून फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी चिंधी, मग तेलाची. चिंधी ओढायची दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाला घासते आणि तिथे चर पडते. बाहेर पडताना गोळीचा शेवटचा स्पर्श त्याच तोंडाशी होतो. तिथे धक्का लागला तर आधीची सगळी मेहनत फुकट.

दुसरी गोष्ट लाकूड. "आपल्या बाथरूमचा दरवाजा जुलैत का अडकतो?" त्यांनी विचारलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. रायफलीचं लाकूडही तेच करतं. मग स्क्रू सैल होतात, लाकूड नळीवर एका बाजूनं दाब देतं आणि काल बरोबर लागणारी गोळी आज बाजूला जाते. म्हणून लाकडाला जवसाचं तेल चोळायचं आणि स्क्रू तपासायचे. पण हे आर्मोररचं काम. कॅडेटनं फक्त सांगायचं, हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट काडतुसं. ती एकाच लॉटची हवीत, म्हणजे प्रत्येक गोळी सारखीच उडते.

चौथी गोष्ट साइट. तिच्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. या रायफलींच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण अर्धा मीटर अंतर असतं. पुढची साइट अर्धा मिलिमीटर सरकली की 25 मीटरवर गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते. गोळ्या डावीकडे जात असतील तर पुढची साइटही डावीकडेच सरकवायची. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब तसाच आहे.

"पण तुझ्या पाच गोळ्या पाच ठिकाणी आहेत," अब्बा म्हणाले. "मी साइट कशाच्या हिशोबानं सरकवू? आधी त्या एकत्र आण. चुकीच्या जागी का होईना, पण एकत्र. त्यानंतरची चूक रायफलीची, ती आम्ही काढू."

पुढचे तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये मगरिबनंतर चटई अंथरलेली असायची. खरी बंदूक कुठून आणणार? अब्बांनी सुताराकडून रायफलीएवढी एक फळी कापून आणली, तिला पुढे एक खिळा ठोकला. भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका. धाकटी पालथी झोपून नेम धरायची. डावं कोपर रोज त्याच जागी, गाल फळीवर रोज तिथेच. नजर खिळ्याच्या टोकावर. ठिपका धूसर दिसला तरी चालेल. अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि बोट ओढायचं नाही, हळूहळू दाबत जायचं. "सबर बोटात पाहिजे," अब्बा म्हणायचे. दहा वेळा, वीस वेळा. कंटाळून ती रडायलाही आली एकदा. अब्बांनी चहा मागवला आणि पुन्हा झोपायला सांगितलं.

पुढच्या फायरिंगला तीच रायफल मागून घेऊन ती झोपली. पाचही गोळ्या पुन्हा डावीकडेच! पण या वेळी त्या चहाच्या कपाच्या तोंडाखाली झाकतील इतक्या जवळजवळ होत्या. फौजेत शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांनी कागद हातात घेतला, पाहिला आणि म्हणाले, "आता रायफल खरं सांगते आहे." आर्मोररनं पुढची साइट किंचित डावीकडे सरकवली. पुढच्या पाच गोळ्या मधोमध लागल्या.

मी शाळेत शिकवते. तेव्हापासून एखादं मूल मागे पडलं की आधी बघते, त्याच्या चुका विखुरलेल्या आहेत की एकाच जागी पडताहेत. एकाच जागी पडत असतील तर ते मूल मन लावून काम करतंय. कुठेतरी मोठ्यांनी थोडीशी साइट सरकवायची गरज आहे. विखुरलेल्या असतील तर त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्यासाठी चटई अंथरावी लागते आणि शेजारी बसावं लागतं.

धाकटीची टीममध्ये निवड झाली. नणंदबाईंनी स्वतः फोन करून मुबारकबाद दिली आणि टीमचा फोटो पाठवायला सांगितला. अब्बांनी मात्र एकच विचारलं, "जमा करण्याआधी नळी पुसलीस ना?"