इसार झालेलं घर

परवा धाकट्या पुतण्याचा फोन आला. "काका, कोंपल्लीला एक रिसेलचा फ्लॅट बघितलाय. दुसऱ्या कोणाचं तरी टोकन गेलंय, पण मालक म्हणतो, दोन लाख जास्त द्या, तुमचं करून टाकतो. काय करू?" म्हटलं, संध्याकाळी घरी ये, ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. तो आला. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. काचीगुडा, बरकतपुरा, बडीचावडीकडच्या जुन्या मंडळींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

गोष्ट 1996 सालची. आम्ही लिंगमपल्लीत भाड्यानं राहत होतो. काचीगुड्याजवळची लिंगमपल्ली बरं का, बीएचईएलकडची नव्हे. अप्पा परभणीकडून निजामाच्या काळात नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यांचे बरेच सोबती तिकडं गेले. अप्पा राहिले. आम्ही भावंडं विवेकवर्धिनीत शिकलो, बहिणीची लग्नं इथून झाली, पण घर कधी झालं नाही. चाळीस वर्षांत पाच घरं बदलली, पाचही भाड्याची. निवृत्तीनंतर अप्पांचं एकच ठरलेलं होतं: सकाळी देवपूजा, संध्याकाळी चालत मराठी ग्रंथ संग्रहालय. वर्तमानपत्रं, मासिकं, मग दोन-चार समवयस्कांशी गप्पा. कुठंही घर घ्या, पण मला तिथं चालत जाता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट.

त्या वर्षी मला बँकेचं गृहकर्ज मिळण्यासारखं झालं आणि नेमकं बडीचावडीच्या मागच्या गल्लीतलं एक घर विक्रीला निघालं. एकशे साठ गज जागा, शहाबादी फरशी, मधे चौक, गच्चीला दगडी जिना. घर होतं अप्पांच्या जुन्या सोबत्याचं. ते वारले होते, काकू एकट्या राहत होत्या, मुलगा पुण्याला न्यायला बघत होता. अप्पा घर बघायला आले, चौकात उभे राहिले, मग काही न बोलता बाहेर पडले. अर्ध्या तासानं परत आले आणि म्हणाले, "इथून संग्रहालय नऊ मिनिटं. परत येताना अकरा. चढ आहे."

दलालानं मला बाजूला घेतलं. "बयाना हो गया साब. लेकिन टेंशन नक्को लेओ. थोडा ऊपर डालो, मैं सेट करतूं."

महबूबनगरकडचे एक रेल्वेतले गृहस्थ होते. नऊ लाखांना सौदा ठरला होता, त्यांनी एक्कावन्न हजार इसार दिला होता आणि तीन महिन्यांची मुदत घेतली होती. पीएफचं कर्ज, गावाकडची थोडी जमीन विकून येणारे पैसे, असा त्यांचा जमाखर्च. कागद म्हणजे रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली एक चिठ्ठी. तीनपैकी जवळजवळ दोन महिने झाले होते. मी जागच्या जागी बोललो, "नऊ साठ देतो." अप्पा तेव्हा ओट्यावर काकूंशी बोलत बसले होते. घरी जाताना मी त्यांना इसाराचं काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दोन दिवसांनी काकूंच्या मुलाचा पुण्याहून एसटीडी आला. माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता. मी विचारलं, इसाराचं कसं? आपल्याकडं रिवाज असा की घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो आणि देणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. दुप्पट म्हणजे एक लाख दोन हजार, त्यातले एक्कावन्न त्या गृहस्थांचेच. म्हणजे माझ्या जास्तीच्या साठ हजारांतले एक्कावन्न तिकडंच जाणार, यांच्या हाती फक्त नऊ हजार उरणार. नऊ हजारांसाठी एवढी उठाठेव कोण करतो? तो म्हणाला, "छे हो, दुप्पट कशाला? साधा माणूस आहे तो, कोर्टकचेरी कुठं करणार? त्याचे एक्कावन्न परत देऊन टाकू."

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा हिशेब नीट दिसला. माझी ऑफर काकूंच्या मुलाला परवडत होती ती फक्त एकाच कारणानं: त्या रेल्वेवाल्या माणसाला त्याच्या हक्काचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून.

तरी मी लगेच मागं हटलो नाही, खोटं कशाला सांगू. मी बरकतपुऱ्यात ओळखीच्या वकिलांकडं गेलो. म्हटलं, एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढतो, ते कोरं आलं म्हणजे झालं ना? ते हसले. "कोरंच येईल. त्यात नोंदलेले दस्त दिसतात. ही चिठ्ठी नोंदलेली नाही, ती दिसणार कुठून? पण नोंद नाही म्हणजे करार नाही असं नसतं." मग त्यांनी समजावून सांगितलं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणं नुसत्या विक्रीच्या करारानं कोणी मालक होत नाही, हे खरं. पण 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टप्रमाणं असा करार केलेला माणूस कोर्टात जाऊन सांगू शकतो की मला पैसे नकोत, घरच द्या. तसं मागायला त्याला तीन वर्षं मिळतात. आणि मधे कोणी ते घर विकत घेतलं असेल तर त्याच्याविरुद्धही मागू शकतो. सुटका फक्त त्याची, ज्यानं पूर्ण पैसे दिले, प्रामाणिकपणं घेतलं आणि ज्याला आधीच्या कराराची कल्पनाच नव्हती.

"तुला कल्पना आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग संपलं."

तिथून उठलो तो थेट काकूंकडं. म्हटलं, निदान त्यांचं मन काय आहे ते बघू. त्यांनी चहा ठेवला. त्यांना मुलानं सगळं सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. कप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "इसार झालाय हे तुझ्या वडलांना माहीत आहे का रे?"

मी म्हटलं, नाही.

"हं," म्हणाल्या आणि बशीत बिस्किटं काढायला लागल्या.

त्या रात्री अप्पांना सांगितलं. बायकोही तिथंच होती, तीही पहिल्यांदाच ऐकत होती. अप्पांनी विचारलं, "त्याची मुदत किती राहिलीय?" म्हटलं, पाच आठवडे. "मग पाच आठवडे थांबू." एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काकूंकडं गेलो आणि सांगितलं, आमची साठ हजारांची गोष्ट विसरा. त्या गृहस्थांना मुदतीत जमलं नाही, तुमचं त्यांचं लेखी मिटलं, तर आम्ही नऊ लाखांना घ्यायला तयार आहोत.

पुढचे पाच आठवडे अप्पांनी कालनिर्णयावर रोज एक बारीक रेघ मारली. कोणाला दाखवली नाही, पण मला दिसत होती. एकदा तर बडीचावडीच्या रस्त्यानं नऊ मिनिटं पुन्हा मोजून आले. मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा त्या गृहस्थांनी पैसे भरले आणि रजिस्ट्री झाली. मी येऊन सांगितलं. अप्पा म्हणाले, "झालं का त्यांचं? बरं." संध्याकाळी मात्र ते संग्रहालयात गेले नाहीत.

1998 साली आम्ही रामंतापूरला फ्लॅट घेतला. चांगला फ्लॅट, आजही तिथंच आहोत. पण तिथून संग्रहालयाला जायचं म्हणजे बस किंवा ऑटो. रोजचं जाणं आधी आठवड्यावर आलं, मग महिन्यावर, मग थांबलं. 2001 साली अप्पा गेले. ते मला कधी काही बोलले नाहीत. तरी मला वाटतं, दोन वर्षं आधी हालचाल केली असती, कर्जाची फाईल जरा पळवली असती, तर ते घर इसार होण्याआधी आमचं झालं असतं. खंत आहे ती त्याची. ऑफर मागं घेतल्याची नाही. ती मी भल्या मनानं घेतली की वकिलांच्या भीतीनं, हे मात्र मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पुतण्याला म्हटलं, हे बघ, टोकन गेलेल्या घराबद्दल विचारणं म्हणजे पाप नव्हे. पण आधी विचार: लेखी काय झालंय, किती पैसे गेले, मुदत कधीची. मालकाला सांग, मी दुसऱ्या नंबरावर उभा आहे. पहिल्याचं खरंच फिसकटलं तर त्याच्या सहीचं रद्दपत्र आणि पैसे परत मिळाल्याची पावती बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीसही देऊन टाक. ईसी आता घरबसल्या निघते, पण त्यात जे नव्हतं ते अजूनही नसतं. आणि कायदा तेव्हापेक्षा कडक झालाय. पूर्वी असा करार पुरा करायला लावायचा की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर असायचं, 2018 च्या दुरुस्तीनं ती मर्जी बरीचशी गेली. आणि हेही ध्यानात ठेव, जो मालक दोन लाखांसाठी पहिल्याला सोडतो तो तीन लाखांसाठी तुलाही सोडेल.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण काका, मी थांबलो आणि फ्लॅट हातचा गेला तर?"

म्हटलं, "जाईल. आमचं गेलं होतं."