"सर, मेल गेला!"



मागच्या आठवड्यात पुण्याचा भाचा आला होता. त्याने माझ्या नव्या फोनवर ईमेल चालू करून दिला. पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, झालं! "मामा, आता सेटिंग वगैरे काही भरावं लागत नाही. बाकीचं तो आपलं आपण शोधून घेतो," म्हणाला. मला एकदम २०१० सालचा पावसाळा आठवला. तेव्हा याच भाच्याला फोनवर धरून एका सेटिंगपायी आम्ही तीन आठवडे डोकेफोड केली होती. त्यात एका सरळ मुलाला विनाकारण बोल लागला, आणि तो लावणाऱ्यांत मीही होतो. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहून टाकतो.

मी २००८ साली निवृत्त झालो. घरी बसून करमेना, म्हणून कसाऱ्याहून जीपने तासाभरावर असलेल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस ऑफिसच्या कामाला मदत करायला जायचो. पगार नाही, चहा मात्र दोन वेळा. तिथला कारकून माझाच जुना विद्यार्थी. पाड्यावरून रोज चालत शाळेत येऊन शिकलेला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही.

शाळा ज्या संस्थेची होती, तिच्या आणखीही शाळा होत्या आणि मुख्य ऑफिस शहरात. त्या जूनमध्ये संस्थेने सगळ्या शाळांना एकेक कॉम्प्युटर पाठवला. आत मायक्रोसॉफ्टचं ऑफिस आधीच घालून दिलेलं. संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्याने एक हुशारी केली होती. प्रत्येक शाळेत जाऊन सगळं भरत बसण्यापेक्षा त्याने एकदाच एक नमुना तयार केला. कोणते प्रोग्रॅम हवेत, कोणते नकोत, मेल कुठून येणार, कुठून जाणार, सगळं त्यात लिहिलेलं. मग तोच नमुना सगळ्या कॉम्प्युटरवर. आपण फक्त आउटलुक उघडायचं आणि पासवर्ड द्यायचा. आयता डबा! आम्ही खूश. तोपर्यंत मेल करायचा तर शहापूरच्या सायबर कॅफेत जावं लागायचं.

जुलैत संस्थेकडून मेल आला. देणगीदारांच्या पैशातून दहावीच्या गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आहे, नावं ३१ जुलैपर्यंत पाठवा. आम्ही अकरा मुलांची यादी केली. कारकुनाने ती माझ्यासमोर टाइप केली, बटण दाबलं, पत्राची खिडकी मिटली. "सर, मेल गेला!" मीही मान डोलावली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कागदी मेमो आला. तुमच्या शाळेची यादी मुदतीत आली नाही, संबंधित कारकुनाने खुलासा करावा. पोराचा चेहरा उतरला. तो कंत्राटावर होता, मेमो म्हणजे काय ते त्याला बरोबर कळत होतं. "सर, तुमच्यासमोर पाठवला ना?" आणि मी काय म्हणालो? "अरे, तुझंच काहीतरी चुकलं असेल. नीट आठव."

चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य! लिहितानाही लाज वाटते.

रात्री भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, "मामा, आउटबॉक्समध्ये बघितलंत का?" दुसऱ्या दिवशी बघितलं तर जूनपासूनचे सगळे मेल तिथेच, रांगेत उभे! बटण दाबल्यावर मेल आधी आउटबॉक्समध्ये जातो आणि तिथून पुढे निघतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही बटण दाबलं म्हणजे पत्र पेटीत पडलं असं समजत होतो, प्रत्यक्षात ते आमच्याच खिशात होतं. अधूनमधून इंग्रजीत एक चौकट यायची खरी, तिच्यात आकड्या-अक्षरांची आगगाडी. ती आम्ही बंद करून टाकायचो.

पण मग मेल येत कसे होते? हे भाच्याने छान समजावलं. मेल येण्याची खिडकी वेगळी आणि जाण्याची वेगळी. येण्याच्या पद्धतीचं नावच मुळी 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', तिची खिडकी ११० नंबरची. जाण्याची खिडकी २५ नंबरची, ती १९८२ पासून ठरलेली. पुढे फुकट्या जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांनी या २५ नंबरचा फार दुरुपयोग केला. व्हायरस शिरलेले घरोघरचे कॉम्प्युटर मालकाच्या नकळत तिथून मेल सोडायला लागले. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या अनेकांनी साध्या ग्राहकांसाठी ती बंद केली. त्याऐवजी ५८७ नंबरची खिडकी, १९९८ साली ठरलेली. तिथे नाव-पासवर्ड सांगितल्यावरच पत्र घेतात.

संस्थेच्या ऑफिसची लाइन वेगळी, तिथून २५ नंबर चालत होता. त्यामुळे त्या कॉम्प्युटरवाल्याने आपल्या टेबलावर करून बघितलं, तेव्हा सगळं सुरळीत. आमच्या लाइनवर ती खिडकी बंद. आम्हा कसारेकरांना हे लगेच पटावं. मुंबईहून आलेली गाडी कसाऱ्यापर्यंत आपल्या इंजिनावर मजेत येते. पुढे थळ घाट, ३७ फुटांना १ फूट चढ. तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात, तेव्हा कुठे गाडी इगतपुरी बघते. सपाटीवर बसून घाटाचा हिशोब केला की असं होतं.

भाच्याने फोनवरून एकेक पायरी सांगितली. खात्याच्या सेटिंगमध्ये जा, बाहेर जाणाऱ्या मेललाही नाव-पासवर्ड लागतो तिथे खूण करा, २५ खोडून ५८७ लिहा. मधे दोनदा लाइट गेली. शेवटी तपासणीचं बटण दाबलं आणि दोन्ही ओळींपुढे हिरवी खूण! आउटबॉक्स भराभर रिकामा झाला. मी शिपायाला चहा आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मेल अडकलेला, खिडकी पुन्हा २५. पुन्हा ५८७ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा २५! माझा संशय परत त्या मुलावर. "तू काही हात लावलास का?" तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याने एक वही घातली. कॉम्प्युटर किती वाजता चालू केला, काय विचारलं, काय बदललं, मेल कधी गेला, कधी अडकला. रोज, वेळेसकट.

आठव्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवली. "सर, दिवसभर कितीही वेळा आउटलुक बंद-चालू केलं तरी बिघडत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की बिघडतं. आणि तेव्हा तो पासवर्डही नव्याने विचारतो, जसं काही आपल्याला पहिल्यांदाच बघतोय."

एवढं ऐकल्यावर भाचा ताडकन म्हणाला, "मामा, हा मुलगा तुमच्याकडे काय करतोय?" कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टी त्याने शोधायला सांगितल्या. त्यात संस्थेने ठेवलेली एक छोटी फाइल सापडली. नोटपॅडमध्ये उघडली तर साधा मजकूर. एका ओळीत आमचा २५ नंबर आणि एका ओळीत हुकूम, आधीचं सगळं पुसून यातलं लिही. म्हणजे आम्ही दिवसा दुरुस्त करायचो आणि सकाळी नमुना येऊन आमची दुरुस्ती खोडून जायचा!

ती फाइल आम्ही स्वतः बदलली नाही. वहीच्या पानांची झेरॉक्स काढली, आउटबॉक्समधल्या तारखा उतरवून घेतल्या, पत्र लिहिलं आणि रजिस्टरने पाठवलं. पंधरा दिवसांनी फोन आला. सगळ्याच शाळांचं हेच झालं होतं म्हणे! कुणी सायबर कॅफेतून पाठवत होतं, कुणी यादी हातात घेऊन शहरात जात होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच येत नाही, म्हणून कुणी बोललं नाही. संस्थेने नमुना दुरुस्त केला. आमच्या अकरा मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, पण दिवाळीनंतर. मेमो मागे घेतल्याचं तोंडी सांगितलं. लेखी मागितलं, दोनदा मागितलं. ते शेवटपर्यंत आलं नाही.

मग एका दुपारी मी त्या मुलाला म्हटलं, "माझं चुकलं. तुला विचारायच्या आधीच तुझी चूक ठरवून मोकळा झालो."

तो हसला. म्हणाला, "सर, आठवीत तुम्ही पत्रलेखन शिकवलं होतंत. फळ्यावर नमुना लिहिला होता. त्यात 'आशीर्वाद' चुकला होता, रफार 'श'वर दिला होतात. आम्ही सगळ्यांनी तसाच उतरवला."

"मग? दुसऱ्या दिवशी मी दुरुस्त केला असणार."

"फळ्यावर केलात. आमच्या वह्यांतला राहिला. सहामाहीत त्याचा अर्धा मार्क कापलात."

मी गप्प. चाळीस वह्या, एक फळा. मला तो तास मुळीच आठवत नव्हता, त्याला अर्ध्या मार्कासकट आठवत होता. नमुना करणारा चुकला तर तो विसरून जातो, उतरवणाऱ्याला मात्र शिक्षा लक्षात राहते. आणि वरून नमुना सुधारला तरी आधी उतरवलेलं कुणीतरी दारोदार जाऊन तपासावं लागतं. ते काम आम्ही मास्तर टाळतो, कॉम्प्युटरवालेही टाळतात.

आता काळ बदलला. पत्ता टाकला की फोन आपली खिडकी आपण शोधतो. पण २०२२ च्या मे महिन्याअखेर गुगलने नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद केलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त बाईंचा फोन आला. "सर, मी पासवर्ड विसरले बहुतेक. वय झालं हो!" पासवर्ड अगदी बरोबर होता त्यांचा. नियम बदलला होता आणि स्क्रीनवर दोष मात्र त्यांच्या माथी. मी त्यांना एवढंच म्हटलं, "बाई, आधी वही घाला. स्वतःला नावं नंतर ठेवू."

तो मुलगा आता दुसऱ्या एका शाळेत कायम झालाय. गेल्या दिवाळीत भेटायला आला, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "अनेक आशीर्वाद."

"रफार 'व'वर ना, सर?" म्हणाला.

असो. लांबलं जरा. तुमच्याकडेही असा कुणी 'तुझंच चुकलं असेल' ऐकून घेतलेला असेल, तर सवडीने त्याची वही एकदा पुन्हा तपासा.