गाडीखालचे लाल थेंब

ज्या घरात एखाद्याचा पाय अधू असतो, त्या घरात गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही. मुलांच्या अब्बांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओमुळे कमजोर आहे. क्लच दाबणे त्यांना जमत नाही आणि एसटीच्या उंच पायऱ्या चढताना दर वेळी कोणाचा तरी हात लागतो. आम्ही दोघेही शिक्षक. त्यांची शाळा गावाबाहेर २२ किलोमीटरवर आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. या गाडीला क्लच नसतो. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायानेच चालतात. कोणाचीही वाट न पाहता घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले.

म्हणून अंगणातल्या शहाबादी फरशीवर लाल थेंब दिसू लागले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. धाकटीला वाटले, कोणीतरी रूह अफजा सांडले. बोट लावून पाहिले तर ते तेल होते.

गाडीखाली काय सांडले आहे, हे रंगावरून बरेचसे ओळखता येते. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याची काळजी नको. इंजिनचे तेल तपकिरी किंवा काळे. रेडिएटरचे कूलंट हिरवे, नारिंगी वा गुलाबी असते, पण ते पाण्यासारखे पातळ असते. लाल आणि तेलकट असेल तर ते बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, ज्याला मेकॅनिक 'एटीएफ' म्हणतात. गळती चटकन ओळखू यावी म्हणूनच त्यात लाल रंग मिसळलेला असतो. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तेल असते, म्हणून आधी त्याची टाकी पाहावी. आमच्या गाडीत ती भरलेली होती.

दोन दिवसांत गाडी रिव्हर्समध्ये टाकल्यावर क्षणभर थबकून मगच हलू लागली. साध्या गाडीत गिअरचे तेल फक्त दात्यांची झीज वाचवते. इथे त्याची कामे पुष्कळ आहेत. इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच फिरते, त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात आणि गिअरबॉक्सची उष्णताही तेच बाहेर नेते. पास्कलचा नियम आपण मुलांना वर्गात शिकवतो, तोच इथे राबतो. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ऑल्ड्समोबिल गाड्यांसाठी 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून या तेलाला गाड्यांच्या दुनियेत महत्त्व आले. तेल कमी झाले की क्लच घसरतात, घसरले की तापतात आणि तापले की जळतात. मग खर्च खरोखरच मोठा होतो.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी खालून बॅटरी मारली, ओला गिअरबॉक्स पाहिला आणि सांगितले, "पुढचे सील गेले. पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल. चाळीस हजार धरा, नाहीतर विकून टाका." त्या रात्री आमच्या घरी कोणी फारसे बोलले नाही. मुलांचे अब्बा एवढेच म्हणाले, "एसटीचा पास काढून ठेवू."

शेजारचे चाचा आखातात वीस वर्षे वर्कशॉपमध्ये होते. तिकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिकच. दुसऱ्या दिवशी अस्रनंतर ते आले, गाडीकडे पाहून म्हणाले, "पहले पोंछो, फिर देखो." त्यांचे म्हणणे सरळ होते. तेल जिथून टपकते, तिथूनच गळते असे नाही. गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो, मग ते ओघळत सर्वांत खालच्या जागी येते. पुसल्याशिवाय गळतीचे मूळ सापडत नाही.

गाडी थंड असताना आम्ही गिअरबॉक्सचा खालचा भाग, तळाचा पॅन, ड्रेन प्लग आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या डिग्रीझर मारून साफ केल्या, वाळू दिल्या आणि वर टाल्कम पावडर भुरभुरली. खाली पुठ्ठा पसरला. इंजिन वीस मिनिटे चालू ठेवले, मग बंद करून वाकून पाहिले. पॅनच्या कडा कोरड्या, सीलची बाजू कोरडी. रेडिएटरजवळच्या रबरी नळीच्या टोकाशी मात्र पावडरवर लाल रेघ उमटली होती. गिअरबॉक्सचे गरम तेल रेडिएटरमध्ये थंड होऊन त्या नळीने परत येते. उष्णतेने रबर कडक होऊन क्लॅम्पच्या तोंडाशी तडकले होते.

हे काम घरी होण्यासारखे होते. तरी चाचांनी आधी अटी घातल्या. जमीन सपाट हवी, लिव्हर 'पी'वर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी अडण्या. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी उभी राहणार ती लोखंडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही. घोड्यांवर ठेवल्यावर गाडी हलवून पाहायची, मगच खाली जायचे. इंजिन पूर्ण थंड हवे, कारण हे तेल चांगलेच भाजते. मुले घरात.

नळीखाली ट्रे ठेवला, क्लॅम्प पकडीने मागे सरकवले आणि नळी आधी हलके पिळून सैल केली. रेडिएटरचे तोंड नाजूक असते, हिसडा मारला तर तेच मोडायचे. जुनी नळी दुकानात दाखवून तेवढ्याच आतल्या व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची घेतली, आणि ती गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनवलेली आहे याची खात्री केली. पाण्याची साधी नळी इथे टिकत नाही. नवी नळी तोंडावरच्या उंचवट्याच्या पुढे सरकवली आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या पलीकडे आवळला. बेताने, रबर कापले जाईल इतका नाही.

नंतर गाडी खाली उतरवून तेल भरले. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच हवे. सीव्हीटीचे तेल आणि हे तेल एकमेकांच्या जागी चालत नाही. तेलाची पातळी पाहण्याची रीतही प्रत्येक गाडीची वेगळी. आमच्या गाडीची अशी: इंजिन गरम आणि चालू, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक खाचेतून फिरवून 'पी'वर आणायचा, मग डिपस्टिक काढून पुसून पाहायची. एकाने आत बसून लिव्हर फिरवला, दुसऱ्याने डिपस्टिक पाहिली. नरसाळ्याने थोडे थोडे ओतले. जास्त भरले तर तेलाला फेस येतो आणि तोही घातकच.

नळी, दोन क्लॅम्प आणि एक लिटर तेल मिळून दीड हजाराच्या आत काम झाले. चाचांनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला आणि बिर्याणीचे आमंत्रण स्वीकारले.

प्रत्येक गळती घरी थांबते असे आम्ही म्हणणार नाही. पुढचे सील खरोखर गेले असते तर गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता. ज्या गाड्यांना डिपस्टिकच नसते, त्यांत ठरावीक तापमानाला पातळी मोजावी लागते. ते काम वर्कशॉपचे. बाटलीतले 'गळती थांबवणारे' औषध सील थोडे फुगवून काही दिवस काढून देते, तडकलेल्या नळीवर मात्र त्याचा इलाज नाही. आणि काढलेले तेल गटारात ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. आम्ही ते बाटलीत भरून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिले.

मोठा खर्च सांगितला गेला की आपण घाबरून लगेच पैशांची जुळवाजुळव करू लागतो, किंवा वस्तूच मोडीत काढतो. त्याआधी एकदा पुसून पाहावे आणि जाणत्याला विचारावे. असे जाणते लोक मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. परदेशात उमर घालवून परतलेल्या त्या हातांना आपण फक्त खजूर आणि अत्तरापुरते विचारतो.

आठवडाभर पुठ्ठा रोज सकाळी कोरडाच निघाला. अल्हम्दुलिल्लाह. सोमवारी मुलांच्या अब्बांनी डबा घेतला, गाडी रिव्हर्समध्ये टाकली, ती लगेच हलली आणि ते शाळेला निघून गेले. एसटीचा पास काढायचा राहूनच गेला.