सातपुड्याच्या पायथ्याशी

धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, वर्डी शिवाराजवळ सातपुड्यात कोसळले. त्यात तरुण प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. अशा विमानात दुहेरी नियंत्रण असते, म्हणजे गुरू आणि शिष्य या दोघांपुढेही सुकाणू असते, जेणेकरून शिष्याची चूक गुरूला तत्काळ सावरता यावी. मात्र लढाऊ विमानातील वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा येथे नसते, आणि उंची कमी असली की सावरण्याचा अवधीही तुटपुंजा ठरतो. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते, आणि त्यातील शिकवणीच्या प्रत्येक तासाची जोखीम प्रशिक्षक नव्याने पत्करतो. सैनिकी वैमानिकाच्या वाट्याला निदान हुतात्म्याचा मान येतो. मुलकी प्रशिक्षकाला तोही नाही, आणि हा भेद न्याय्य म्हणता येणार नाही. वर्डीच्या त्या अपघातानंतर, जिथे रस्ता नव्हता तिथून जखमी तरुणीला कापडाच्या झोळीत घालून खाली आणले ते परिसरातील आदिवासींनी.