मालगुडीचा शंकर कुणाचा?

आमच्या घरात पहिल्यापासून दोन भाषा. आई धारवाडची, माहेर कन्नड. वडिलांकडचे सगळे बेळगावचे मराठी. आईला मराठी समजायचं, पण बोलताना अडखळायची. आज्जीला कन्नड उत्तम यायचं, भाजीवालीशी घासाघीस त्याच भाषेत चालायची. घरात सुनेशी मात्र मराठीच, नाहीतर गप्प! १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर स्वयंपाकघरातला अबोला अधिकच जड झाला.

त्याच सुमारास दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ सुरू झालं. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं ते गोड संगीत. ती धून वाजली की दोघी हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. मालिका हिंदी, म्हणजे दोघींनाही सारखीच परकी!

चित्रीकरण शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबेचं. ते घर, तो पाऊस पाहून आई हरखून जायची. छोट्या स्वामीचे कडक वडील झालेले गिरीश कार्नाड दिसताच आज्जी म्हणाली, “हा ‘उंबरठा’तला की!” आई हळूच म्हणाली, “आमच्या धारवाडात शिकले ते.” त्यावर बाबांनी भर घातली, “पण जन्म माथेरानचा हां!”

खरी जुंपली ती दिग्दर्शक शंकर नाग यांच्यावरून. आई म्हणाली, ते होन्नावरकडचे, कन्नड सिनेमाचे हिरो. बाबा म्हणाले, मुंबईत असताना ते मराठी रंगभूमीवर रमले होते आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. “म्हणजे आपलाच झाला की!” आज्जीने निकाल देऊन टाकला. आई काही ऐकेना. वाद रंगला आणि आज्जी कधी कन्नडवर आली ते तिलाच कळलं नाही. गंमत म्हणजे आई उत्तरं देत होती मराठीत, आणि एकदाही न अडखळता! आम्ही पोरं टीव्ही सोडून त्या दोघींकडेच बघत राहिलो.

३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय अवघं पस्तीस. बातमी कळल्यावर आई मागच्या दारी पायरीवर बसून राहिली. चूल पेटवायचंही तिला सुधरेना. आज्जीने स्वतः चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि शेजारी टेकत म्हणाली, “नम्म हुडुग होदनल्ला...”

‘निम्म’ नाही, ‘नम्म’. हा फरक या भागातल्या वाचकांना मी काय समजावून सांगावा?

आज्जी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मालिकेतलं मालगुडी स्टेशन म्हणजे अरसाळूचं रेल्वे स्टेशन. २०२० मध्ये तिथे मालगुडीचं संग्रहालय झालं. मध्यंतरी आईला तिथे घेऊन गेलो. ती बराच वेळ फलाटावर उभी होती. निघताना डोळे पुसत हसली आणि म्हणाली, “तुझी आज्जी असती तर या स्टेशनवरूनही भांडली असती बघ!”